अँटिबॉडीला नावं ठेवण्याआधी: पी-६५चा ब्लॉट कसा लावावा

"ताई, ही अँटिबॉडी मेलीय."

गेल्या ऑगस्टात पेडण्याचा एक मुलगा फोन पुढे धरून माझ्या टेबलासमोर उभा राहिला. फोनवर वेस्टर्न ब्लॉटचा फोटो. (पेशींतली प्रथिनं जेलमध्ये वजनाप्रमाणे वेगळी करायची, मेंब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर उतरवायची आणि हवं ते प्रथिन अँटिबॉडी लावून पट्टीच्या रूपात बघायचं, तो हा ब्लॉट.) पाच लेन, पाचही कोऱ्या. कडेला मार्कर, म्हणजे वजनाच्या खुणांची लेन, तेवढी दिसत होती. बाटली १०० मायक्रोलिटरची आणि किंमत त्याच्या सबंध सेमिस्टरच्या खोलीभाड्याहून जास्त, त्यामुळे चेहरा उतरलेला.

मी बाटलीकडे बघितलंच नाही. विचारलं, "इनक्युबेटरमधून प्लेट काढल्यापासून लायसिस बफर (पेशी फोडणारा द्राव) पडेपर्यंत किती वेळ गेला?" तो आठवायला लागला. बर्फाचं मशीन बिघडलेलं, म्हणून प्लेट टेबलावर ठेवून हा खालच्या मजल्यावर बर्फ आणायला गेला होता. परत येऊन तीनदा पीबीएसने (पेशी धुण्याच्या खारट द्रावाने) धुतलं, तेही बाहेरच ठेवलेल्या कोमट बाटलीतलं. "धा-बारा मिनिटं गेली असतील," म्हणाला.

आता त्या दहा-बारा मिनिटांत काय झालं असेल, ते सांगते. बावीस वर्षं मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. वर्गात शिकवत नाही, पण एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला आलेल्या मुलांचा पहिला ब्लॉट बहुतेक वेळा माझ्यासमोरच लागतो. साखळी, सत्तरी, पेडण्याकडची बरीच मुलं प्राथमिक शाळा मराठीतून शिकलेली. इंग्रजी प्रोटोकॉल ती अक्षर न् अक्षर पाळतात, पण "हे का?" म्हटलं की गप्प. म्हणून हे मराठीत लिहितेय. माझा अनुभव असा, की "अँटिबॉडी खराब" ह्या दहा तक्रारींतल्या आठ-नऊ वेळा घोळ बाटलीचं झाकण उघडण्याच्या आदल्या दिवशीच झालेला असतो.

आधी प्रथिनाची ओळख. एनएफ-कॅपा-बी ही प्रथिनांची जोडी. पी-६५ हा त्यातला एक गडी. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर ह्यांनी १९८६ साली बी पेशींत ती शोधली, अँटिबॉडीच्याच कॅपा साखळीच्या जनुकाला चिकटणारं काहीतरी म्हणून. अँटिबॉडीच्या जनुकावर सापडलेलं प्रथिन आज आपण अँटिबॉडी लावून शोधतो, ह्याची मला अजून गंमत वाटते.

रायबंदरच्या धक्क्याला बांधलेली चोडणची फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. एरवी पी-६५ पेशीद्रवात असंच बांधून ठेवलेलं असतं, आणि दोर म्हणजे आयकॅपाबी-अल्फा हे दुसरं प्रथिन. जिवाणूच्या भिंतीतलं एलपीएस किंवा टीएनएफ हे दाहाचा निरोप देणारं प्रथिन पेशीला लागलं, की आयकेके नावाचं एन्झाइम जागं होतं. ते दोरावर फॉस्फेटची खूण करतं, खूण झालेला दोर प्रोटिएझोम (पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र) गिळून टाकतं, आणि बोट सुटून केंद्रकात पोचते. तिथे दाह वाढवणाऱ्या प्रथिनांची जनुकं चालू होतात. ह्याच धांदलीत आयकेके पी-६५वरच्या ५३६ क्रमांकाच्या सेरीनलाही (प्रथिनाच्या माळेतला एक मणी, म्हणजे अमिनो आम्ल) फॉस्फेट चिकटवतं. आपली महागडी फॉस्फो अँटिबॉडी बघते ती एवढी एकच जागा. फॉस्फेट असेल तर बसते, नसेल तर शेजारून निघून जाते.

आणि तो फॉस्फेट पक्का नसतो. तो काढून टाकणारी एन्झाइम्स, म्हणजे फॉस्फेटेजेस, पेशीत चोवीस तास कामावर असतात. पेशी फुटली की त्यांना आवरणारं कुणी उरत नाही. पेडण्याच्या पोराच्या प्लेटमध्ये पी-६५ भरपूर होतं, फॉस्फेट तेवढा धुऊन निघाला होता. अँटिबॉडीने कोरी पट्टी दाखवली ती खरीच होती.

बाटली मागवताना माहितीपत्रकात काय बघायचं? पहिलं, कोणत्या प्राण्याच्या प्रथिनावर चालते. आमच्याकडे रॉ २६४.७ वापरतात, त्या उंदराच्या पेशी, टीएचपी-१ माणसाच्या. माणसातलं सेरीन ५३६ उंदरात मोजलं तर ५३४ येतं, पण पत्रकावर बहुधा ५३६च लिहिलेलं असतं. ते बघून एका मुलीने "ही आपली नव्हे" म्हणून चांगली बाटली परत पाठवायला काढली होती. दुसरं, वेस्टर्नला चालते की फक्त इम्युनोफ्लुरोसन्सला (पेशी सूक्ष्मदर्शकाखाली चमकवून बघण्याला), हे नीट वाचा. तिसरं, मोनोक्लोनल (एकाच पेशीच्या वंशातून आलेली) असली तर बरी, लॉट बदलला तरी फार हेलकावे खात नाही. आणि एकट्या फॉस्फोवर भागत नाही, एकूण पी-६५ ओळखणारी दुसरी अँटिबॉडीही लागते. दोन्ही सशाच्या असतील तर साध्या रसायनदीप्तीच्या पद्धतीत एका वेळी लावता येत नाहीत, कारण सेकंडरीला, म्हणजे पहिल्या (प्रायमरी) अँटिबॉडीला चिकटून पट्टी उजळवणाऱ्या अँटिबॉडीला, दोन्ही ससे सारखेच. त्याचं पुढे बघू.

पार्सल आलं की आधी ते फोडून आत थंडावा आहे का बघा, मग सही करा. बाटली उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये दहा सेकंद फिरवा. १०० मायक्रोलिटर म्हणजे काही थेंब, त्यातला एखादा झाकणाला चिकटलेला असतो आणि तोच महिन्याभराचे ब्लॉट असतो. ५० टक्के ग्लिसरॉल असलेली बाटली उणे २० अंशांना गोठत नाही, पातळच राहते. तिचे छोटे वाटे करू नका, उगाच नळ्यांच्या भिंतींना चिकटून वाया जाते. ग्लिसरॉल नसेल तर मात्र पहिल्याच दिवशी वाटे करा, म्हणजे पुन्हा पुन्हा गोठवणं-वितळवणं होत नाही. घरच्यासारखा आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर वापरू नका. तो आतून अधूनमधून गरम होतो.

गोव्यात ह्याशिवाय एक दुखणं आहे: पावसाळ्यातली वीज. चवथीला चार दिवस सगळे गावी जातात, फ्रीझरजवळ कुणी नसतं. एका वर्षी परत आलो तर सगळं थंडगार, गोठलेलं, जागच्या जागी. तरी पुढचा महिनाभर एकही एन्झाइम धड चालेना. मध्ये वीज जाऊन सगळं वितळलं आणि पुन्हा गोठलं होतं, आम्हाला पत्ताच नाही. तेव्हापासून प्रत्येक फ्रीझरमध्ये एक प्लॅस्टिकचा पेला असतो. त्यात पाणी गोठवायचं आणि वर रुपयाचं नाणं ठेवायचं. नाणं वर असेल तर ठीक, तळाशी गेलं असेल तर फ्रीझर वितळला होता. ह्या यंत्राला वॉरंटी लागत नाही.

आता पेशी. आदल्या दिवशी सहा खान्यांच्या प्लेटमध्ये पेरा, सत्तर-ऐंशी टक्के भरल्या की पुरे. एलपीएस १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. वेळा ०, ५, १५, ३० आणि ६० मिनिटं. इथे नवे लोक सगळ्या खान्यांत एकदम एलपीएस टाकतात आणि मग एकेक खाना काढत बसतात. उलट करा. ६० मिनिटांच्या खान्यात दहाला टाका, ३०च्या खान्यात साडेदहाला, १५च्या पावणेअकराला, ५च्या दहा पंचावन्नला. अकराला सगळी प्लेट एकदमच बर्फावर. टाकताना माध्यम बदलू नका. ताजं माध्यम आणि ताजं सिरम ह्यानेही पेशी बिचकतात. छोट्या घनफळात टाकून हलकेच हलवा, आणि शून्याच्या खान्यातही तेवढाच नुसता द्राव टाका.

शून्याच्या खान्यातच जाड पट्टी आली तर पाण्यावर संशय घ्या. एलपीएस जिवाणूंचंच, तेव्हा कुठल्यातरी बफरमध्ये जिवाणू वाढून गेले असतील तर ऑटोक्लेव्ह करूनही ते जात नाही. मॅक्रोफेज (जिवाणू गिळणाऱ्या पेशी, आमच्या रॉ त्यातल्याच) त्याला लगेच ओ देतात. मग "माझ्या कंट्रोलमध्येच दाह" असा शोध लागतो.

बर्फाचं सांगते. मशीन दुरुस्त व्हायला पंधरा दिवस लागणार होते. त्या पोराला मी सकाळी बाजारात पिटाळलं. मासळीवाल्या बाईने थर्माकोलची अर्धी पेटी चुरा बर्फ दिला, वर विचारलंही, "कितें नुस्तें हाडलां रे?" (कसले मासे आणलेस रे?) दिवसभर प्रयोगशाळेला बांगड्याचा वास होता. पण त्या बाईच्या बर्फाने एक गोष्ट शिकवली. ती मासळीवर मोठे खडे कधी ठेवत नाही. चुरा, आणि त्यात थोडं पाणी. आपल्या मशीनच्या खड्यांवर प्लेट ठेवली तर ती चार टोकांवर टेकते, मध्ये हवा. तळ थंड व्हायला मिनिटं जातात. ट्रेमध्ये बर्फाचा चुरा घ्या, त्यात पाणी ओतून रबडी करा आणि प्लेट त्यात तळ पूर्ण टेकेल अशी बसवा. बर्फ बाहेर, बफर आत. बाजारच्या बर्फाचा थेंबही नमुन्यात जाता कामा नये.

हे सगळं इनक्युबेटर उघडण्याआधी तयार हवं: बर्फाची रबडी, गार पीबीएस, गार लायसिस बफर, स्क्रेपर, खुणा केलेल्या नळ्या. मग प्लेट काढा, माध्यम ओढून घ्या, गार पीबीएसने एकदाच धुवा, शेवटचा थेंबही ओढा, बफर टाका, खरवडा. मी घड्याळ लावून बसते. दोन मिनिटांच्या आत.

लायसिस बफर म्हणजे नेहमीचा रीपा: ५० मिलिमोलर ट्रिस, १५० मिलिमोलर मीठ, १ टक्का एनपी-४०, अर्धा टक्का सोडियम डीऑक्सीकोलेट, ०.१ टक्का एसडीएस. त्यात प्रोटिएज इनहिबिटर, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइम्सना अडवणारी रसायनं, सगळेच घालतात. फॉस्फेटेज इनहिबिटरमध्ये माझी स्वतःची फजिती झालीय. नवी असताना कुणीतरी सांगितलं, "फॉस्फो करायचंय? मग सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट घाल." मी महिनाभर व्हॅनाडेट उकळत बसले. पीएच १०ला आणायचं, द्राव पिवळा होतो, रंग जाईपर्यंत उकळायचा, गार करायचा, पुन्हा पीएच बघायचा, पुन्हा पिवळा, पुन्हा उकळायचा. अगदी पाण्यासारखं नितळ व्हॅनाडेट केलं आणि पट्टी तरीही फिकीच. मग एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "व्हॅनाडेट मुख्यतः टायरोसीनवाल्या फॉस्फेटेजना अडवतं. तुझा फॉस्फेट कुठे आहे?" सेरीनवर! सेरीनसाठी सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट लागतं, आणि ती दोन्ही माझ्या बफरमध्ये नव्हतीच. आता मी फ्लोराइड २० मिलिमोलर आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर घालते, व्हॅनाडेट १ मिलिमोलर असतं ते सवयीने. फ्लोराइडचा साठा प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवा, ते काच खातं. सगळे इनहिबिटर त्याच दिवशी बफरमध्ये घाला. गेल्या महिन्याचा "पूर्ण" बफर फ्रिजमध्ये असेल तर तो ओतून द्या.

अगदीच नवे असाल तर दुसरा रस्ताही आहे, आणि मला तो जास्त आवडतो. माध्यम काढून उकळता एसडीएस सॅम्पल बफर सरळ पेशींवर ओता. सगळी एन्झाइम्स जागच्या जागी ठार, इनहिबिटरचा प्रश्नच मिटला. लायसेट (फोडलेल्या पेशींचा द्राव) भेंडीसारखं तार सोडतं, तो डीएनए. बारीक सुईतून दहा वेळा ओढा नाहीतर सोनिकेट करा, म्हणजे ध्वनिलहरींनी तोडा. तोटा एवढाच, की त्यातलं प्रथिन बीसीएने (प्रथिन मोजण्याच्या रंगचाचणीने) मोजता येत नाही, कारण सॅम्पल बफरमधले डीटीटी आणि निळा रंग दोन्ही आड येतात. तेव्हा पेशी मोजून सारख्या पेरलेल्या हव्यात. रीपा वापरत असाल तर बीसीए आधी करा, सॅम्पल बफर नंतर घाला.

जेल आणि ट्रान्सफरचं थोडक्यात सांगते, ते सगळीकडे सारखंच. १० टक्क्यांचं जेल, लेनला २० ते २५ मायक्रोग्रॅम. पीव्हीडीएफ मेंब्रेन मिथेनॉलमध्ये अर्धा मिनिट भिजवा, पारदर्शक झाली की बफरमध्ये. १०० व्होल्ट, एक तास, टाकी बर्फात. बुडबुडे टेस्ट ट्यूब लाटून काढा. वेस्टर्न नावाचा आपल्या पश्चिम किनाऱ्याशी काडीचा संबंध नाही, बरं का. एडविन सदर्न ह्या माणसाच्या आडनावाने डीएनएची पद्धत १९७५ची, म्हणून थट्टेने प्रथिनांच्या पद्धतीला १९८१ साली वेस्टर्न म्हटलं गेलं.

ट्रान्सफर झाल्यावर पॉन्सो, म्हणजे सगळी प्रथिनं दाखवणारा रंग, टाकाच. दोन मिनिटांत मेंब्रेनवर सोलकढीच्या रंगाच्या पट्ट्या उमटतात. सगळ्या लेन सारख्या गुलाबी आहेत का बघा, फोटो काढा, पाण्याने धुऊन टाका. कोरा ब्लॉट आला की पहिला प्रश्न मी हाच विचारते: पॉन्सोचा फोटो कुठाय? त्यावर लेन दिसत असतील तर जेल, ट्रान्सफर आणि लोडिंग ह्यांना सोडून पुढे शोधायचं.

ब्लॉकिंगला दूध पावडर स्वस्त, पण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेट लागलेलं प्रथिन आहे. फॉस्फो अँटिबॉडीला ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या, ०.१ टक्का ट्वीन (साबणासारखं रसायन) असलेल्या टीबीएसमध्ये (ट्रिस आणि मिठाच्या द्रावात), एक तास. प्रायमरी त्याच बीएसएमध्ये १:१०००, म्हणजे ५ मिलिलिटरला ५ मायक्रोलिटर. पिपेटची टिप द्रावात खोल बुडवू नका. ग्लिसरॉल बाहेरूनही चिकटून येतं आणि ५चे ७ होतात. रात्रभर ४ अंशांना, हळू हलवत. "घाई आहे, तासाभरात बाहेरच लावू का?" असं विचारतात. लावा, पण ज्या दिवशी पट्टी फिकी येईल त्या दिवशी कारणांच्या यादीत अजून एकाची भर पडलेली असेल.

सकाळी तीनदा दहा-दहा मिनिटं धुवा. सेकंडरी सशाविरुद्धची, एचआरपी हे उजेड पाडणारं एन्झाइम जोडलेली, १:५०००, एक तास. पुन्हा तीनदा धुणं. वापरलेली प्रायमरी टिकावी म्हणून लोक तिच्यात सोडियम अझाइड घालतात, ते चालतं, पण सेकंडरीच्या बफरमध्ये अझाइड गेलं तर एचआरपी बंद पडतं आणि पट्टी गुल. दोन बाटल्यांवर मी लाल टेप लावलीय ती ह्यासाठीच.

आता वाचायचं. पी-६५चं हिशेबाने वजन ६० किलोडाल्टन, पण जेलवर ते ६५ला धावतं, नाव तिथूनच आलं. आमच्या रॉ पेशींत फॉस्फोची पट्टी ५ मिनिटांना दिसायला लागते, १५ ते ३०ला भरते आणि ६०ला उतरते. पट्टीच्या पोटात पांढरं भोक दिसलं तर अँटिबॉडी कमी नसून जास्त झालीय. एचआरपीने तिथला सगळा सबस्ट्रेट (ज्यापासून ते उजेड पाडतं ते रसायन) खाऊन टाकलाय. सेकंडरी अजून पातळ करा. कॅमेऱ्यावर आकडे काढणार असाल तर काळीकुट्ट पट्टी कितीही देखणी असली तरी निरुपयोगी, कमी एक्सपोजरची घ्या.

फॉस्फो आधी, एकूण पी-६५ नंतर, हा क्रम मोडू नका. मेंब्रेन स्ट्रिप करताना, म्हणजे आधी लावलेली अँटिबॉडी काढून टाकताना, थोडं प्रथिन निघतंच, तेव्हा नाजूक ते आधी बघून घ्यायचं. बीटा-मरकॅप्टोइथेनॉलचा स्ट्रिपिंग बफर हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात). एकदा बाहेर उघडला तर दुपारच्या जेवणाच्या डब्यांपर्यंत वास गेला होता आणि मला आठवडाभर ऐकून घ्यावं लागलं. स्ट्रिप केल्यावर फक्त सेकंडरी लावून बघा. जुनी पट्टी पुन्हा उमटली तर स्ट्रिपिंग अर्धवट झालंय.

खात्रीसाठी तिसरी अँटिबॉडी आयकॅपाबी-अल्फाची. १५ मिनिटांच्या लेनमध्ये हा दोर गायब व्हायला हवा आणि ६०ला परत दिसायला हवा, कारण सुटलेलं पी-६५ त्याचंच जनुक चालू करून नवा दोर वळायला घेतं. फॉस्फो कोरं आणि दोर मात्र वेळेवर गायब, असं दिसलं तर पेशींनी एलपीएस ऐकलंय, फॉस्फेट नंतर हरवलाय. लोडिंग कंट्रोलला, म्हणजे सगळ्या लेनमध्ये सारखं प्रथिन पडलंय हे दाखवायला, मात्र जीएपीडीएच घेऊ नका. ते ३७च्या आसपास धावतं, आयकॅपाबी-अल्फाही जवळपास तिथेच. आमच्याकडे एक सबंध आकृती ह्यावरून बाद झाली होती. बीटा-अ‍ॅक्टिन घ्या, ४२ला. तरीही परीक्षकांनी "ही अँटिबॉडी खरंच फॉस्फेटच बघते कशावरून?" विचारलं, तर मेंब्रेनचा एक तुकडा लॅम्बडा फॉस्फेटेजमध्ये बुडवून मग अँटिबॉडी लावा. त्या तुकड्यावर पट्टी जायला हवी.

पेडण्याच्या पोराने मासळीच्या बर्फावर पुन्हा प्लेट केली. तीच बाटली. १५ मिनिटांच्या लेनमध्ये ६५ला पट्टी आली, शून्याला काही नाही. त्याने फोटो काढला तो आधी आईला पाठवला. तिला त्यातलं काय कळलं असेल देव जाणे, पण तिने हात जोडलेले पाठवले.

त्या बाटलीत आता जेमतेम १५ मायक्रोलिटर उरलंय. नवी मागवलीय आणि तिचा लॉट नंबर वेगळा असणार. म्हणून जुनी संपवायची नाही, असं मी बॉक्सवर लिहून ठेवलंय. एलपीएस दिलेल्या पेशींचं चांगलं लायसेट उणे ८०ला छोट्या नळ्यांत भरून ठेवलेलं आहे. नवी आली की एकाच जेलवर तेच लायसेट दोनदा चालवायचं, मेंब्रेन मधोमध कापायची, डाव्या तुकड्याला जुनी, उजव्याला नवी, दोन्ही १:१०००. पट्ट्या सारख्या आल्या तर जुनी वापरून टाका. नाही आल्या तर नव्या लॉटसाठी प्रमाण पुन्हा ठरवा, आणि ते बाटलीवरच लिहा, वहीत नको. वही घरी जाते.